तो इथे नाही, मग कुठे?



१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि वसई पालघर जिल्ह्यात गेली. गाव जागेवरच राहिले, पत्ता मात्र बदलला. आपल्या नारपोलीत उलटे घडते. खोली तीच राहते, माणसे बदलतात. यंत्रमागाच्या कामासाठी आलेले कुटुंब काम संपले की दुसरीकडे जाते. मागाहून कोणी शोधत आले तर आपण सांगतो, "इथे नाहीत," आणि दार लावून घेतो.

पुनरुत्थानाच्या सकाळी स्त्रिया प्रभूला शोधत कबरेपाशी गेल्या. तो इथे नाही, एवढेच सांगून त्यांना परत पाठवले नाही. तो गालीलात भेटेल, हे शिष्यांना कळवा, असा निरोपही मिळाला (मार्क १६:६-७). त्यात पेत्राचे नाव मुद्दाम घेतले आहे. ज्याने तीनदा नाकारले, त्यालाही प्रभूने नवा पत्ता कळवला!

ख्रिस्तसभाही असेच करते. विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला, तरी त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ वहीत केली जाते. जुनी नोंद कोणी खोडत नाही. तिच्याच शेजारी पुढची नोंद होते.

तेव्हा या आठवड्यात दारी कोणी कुणाला शोधत आले, तर दोन मिनिटे द्या. ठाऊक नसेल तर शेजारी विचारा. आणि जे मिस्सेला यायचे थांबले आहेत, त्यांना नावाने निरोप द्या.

प्रभू आपल्याला वाट दाखवणारे करो. आमेन.