बांध कोणी घालायचा?

‘स्वयंसेवा’ या शब्दाकडे मी नेहमी जरा संशयानेच बघते. सकाळी साडेपाचला उठून बाई घरचं पाणी भरते, त्याला कोणी स्वयंसेवा म्हणत नाही. तीच बाई मंडळाच्या कार्यक्रमात शंभर जणांचं पाणी भरते तेव्हा तिला शाल-श्रीफळ मिळतं. काम तेच, हात तेच. मग फरक कुठे पडला? घरचं काम ‘असतंच’ आणि बाहेरचं तिने ‘आपणहून’ केलं, असं उत्तर मिळतं. पण बाहेरचं तरी खरंच आपणहून असतं का? चार जणी गेल्या आणि आपण नाही गेलो तर काय म्हणतील, हा धागा त्यात असतोच की.

हा प्रश्न मला छोट्या बेटांबद्दल वाचताना फार जाणवतो. बेटावर काही लपत नाही. कोण आलं, कोण नाही आलं, सगळं दिसतं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात एग नावाचं बेट आहे. लांबी साधारण नऊ किलोमीटर, वस्ती शंभराच्या थोडी वर. म्हणजे आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी गल्लीइतकी माणसं. हे अख्खं बेट पिढ्यान् पिढ्या एकेका मालकाच्या खासगी मालकीचं होतं. लोक घरात राहायचे, शेत करायचे, पण पायाखालची जमीन दुसऱ्याची. पुष्कळांच्या हातात धड भाडेकरारसुद्धा नसायचा. उद्या मालकाच्या मनात आलं तर घर सोडावं लागेल, अशा घराचं छप्पर कोण दुरुस्त करणार? १९९५ साली बेट विकलं गेलं ते एका जर्मन चित्रकाराला, आणि दोन वर्षांत पुन्हा विक्रीला निघालं. तेव्हा रहिवाशांनीच ते विकत घ्यायचं ठरवलं. किंमत सुमारे पंधरा लाख पौंड. हजारो लोकांनी लहान-मोठ्या देणग्या पाठवल्या, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा होता तो शेवटपर्यंत नाव न सांगणाऱ्या एका बाईचा. १२ जून १९९७ रोजी बेट तिथल्या रहिवाशांच्या, स्थानिक कौन्सिलच्या आणि एका वन्यजीव संस्थेच्या मिळून केलेल्या न्यासाचं झालं.

पुढची गोष्ट विजेची. मुख्य भूमीवरून तिथे वीज येत नाही. पूर्वी घरोघरी डिझेलचे जनरेटर धडधडत असत. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी स्वतःची वीज सुरू केली. ओढ्याचं पाणी, वारा आणि ऊन यांच्यापासून, आणि नाइलाज झाला तरच डिझेल. आता यातली खरी गंमत ऐका. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॅटच वापरता येतात. व्यवसायाला दहा. आपल्या हिशेबात सांगायचं तर दोन किलोवॅटचा गिझर, इस्त्री आणि मिक्सर एकदम चालतील, पण त्यावर इंडक्शनची शेगडी लावलीत की घरात अंधार. मग बेटावरच्याच माणसाने येऊन जोडून द्यायची, आणि त्याचा आकार भरायचा. गरीब घर, श्रीमंत घर असा भेद नाही. वाऱ्या-पावसाचे दिवस असले आणि वीज जास्त झाली, तर त्या जास्तीच्या विजेवर सामाजिक सभागृह आणि प्रार्थनाघर ऊबदार ठेवतात.

ही मर्यादा त्यांच्यावर सरकारने घातली नाही. त्यांनी आपसात ठरवून घेतली. चातुर्मासात आपण नेम घेतो, त्यासारखं आहे हे. हिरवी भाजी वर्ज्य, रात्री जेवण वर्ज्य. तेच कोणी दुसऱ्याने ‘आजपासून तुला भाजी नाही’ म्हणून सांगितलं असतं तर आपण भांडलो असतो. नेमात वस्तू कमी होते, पण अपमान होत नाही, कारण नेम घेणारी आणि पाळणारी एकच असते.

कोणी म्हणेल, त्यात कसली सेवा आली? त्यांचंच बेट, त्यांचीच वीज. विजेची देखभाल करणाऱ्यांना थोडाफार मोबदलाही मिळतो. खरं आहे. पण समितीच्या बैठका, हिशेब आणि अर्जांचे कागद यांचे पैसे कोण देतं? आणि स्वतःचा फायदा असला म्हणजे सेवा बाटते, हे मला पटत नाही. आपल्या पोराला ज्या शाळेत घालतो त्या शाळेचं अंगण झाडलं, तर ते झाडणं खोटं का?

तरी एगकडे बोट दाखवून ‘मालकी द्या, माणसं आपोआप राबतील’ असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. कारण आमच्या बेळगावहून घाट उतरला की मांडवीच्या पात्रात दिवाडी आणि चोडण ही दोन बेटं आहेत, आणि तिथली हकिकत इतकी सरळ नाही.

तिथली खाजन शेती बघितली नसेल तर एकदा जाऊन बघा. भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून मातीचे बांध घालून राखलेली ही जमीन, काही ठिकाणी भरतीच्या पातळीहूनही खाली. बांधात मध्ये मध्ये मानशी असते, म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं पाणीच ते दार दाबून बंद करतं. किती साधं आणि किती हुशारीचं! पावसाचं पाणी जमिनीतलं मीठ धुऊन नेतं, मग कोरगुटासारखं खारटपणा सोसणारं भात लावतात, आणि कापणीनंतर त्याच शेतात खारं पाणी घेऊन मासे-सुंगटं. पण यातला एक बांध एका ठिकाणी खचला की नुकसान एकाचं होत नाही. शंभर जणांच्या शेतात मीठ शिरतं आणि ते लवकर जात नाही.

म्हणून हे काम कधीच एकट्याचं नव्हतं. गावकरी संस्था, जिला पोर्तुगिजांनी कोमुनिदाद म्हटलं, ती हे सांभाळायची. पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची ही व्यवस्था. १५२६ मध्ये त्यांनी तिचे रिवाज फक्त लिहून काढले. पावसाआधी बांधाची पाहणी, माती टाकणं, मानशीवर माणूस ठेवणं, सगळं ठरलेलं. त्यात पाळी होती, हक्क होता, दंडही होता.

गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली कूळकायदा आला. कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि ते न्याय्यच होतं. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. म्हणजे एगसारखंच, राबणारा तोच हक्कदार. मग बांध अधिक मजबूत व्हायला हवे होते की नाही? कितीतरी ठिकाणी उलटंच झालं. बांध फुटले, शेतं पडीक पडली, खारफुटी वाढली. एक कारण मानशीच्या लिलावाचं. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावात देतात आणि त्या पैशातून बांध राखायचे असतात. कल्पना चांगली. पण ज्याने पैसे मोजून हक्क घेतला त्याला मासे हवेत, आणि मासे हवे तर दार जास्त वेळ उघडं हवं. भाताला मात्र दार बंद हवं. पैसे भरणारा आला, मग बाकीच्यांना वाटलं, आता आपण कशाला माती टाकायची? पैसे घेतले ना त्याच्याकडून! एकदा कामाची किंमत ठरली की ते फुकट करणारा मूर्ख ठरतो.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. भात त्या शेतातून आलं नाही तरी घरात चूल पेटते. पोरगा पणजीत नोकरीला, दुसरा परदेशी, तांदूळ दुकानात. बांध फुटला तर वाईट वाटतं, पण उपाशी राहावं लागत नाही. एगवर वादळात बोट येत नाही आणि वीज गेली तर शेजाऱ्याशिवाय कोणी नाही. दिवाडी-चोडणला फेरीबोट आहे. पाण्याने वेढलेलं तेही आहेच, पण माणसं आता एकमेकांच्या गरजेने बांधलेली राहिली नाहीत. आमच्या गल्लीतल्या विहिरीचंही तेच झालं. घरोघरी नळ आले, बोअर आल्या, आणि दरवर्षी सगळी गल्ली मिळून विहीर उपसायची ती पद्धत कधी थांबली, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

जुन्या गावकरीचं मात्र फार गोड चित्र काढू नये. त्या संस्थेत गावकर म्हणून नाव लागायचं ते पुरुषांचं, बापाकडून मुलाकडे. चिखलात गुडघाभर उभं राहून भात लावणारी, कापणारी बाई बैठकीत नव्हती. मानशी कधी उघडायची हे ठरवताना तिला कोणी विचारलं नाही. तिचं राबणं हे दान नव्हतं आणि सेवाही नव्हती, कारण नाही म्हणायची सोय नव्हती आणि कसं करायचं ते ठरवायचीही नव्हती. म्हणून जुनी एकी परत आणा असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, त्या एकीत बायका कुठे बसल्या होत्या?

एगवाल्यांच्या व्यवस्थेत मला म्हणून आवडते ती वीज नव्हे, बैठक. पाच किलोवॅट पाळायचे आहेत त्यांनीच पाच हा आकडा ठरवला. मत देणारीत बाईही आहे, आणि अंधार झाला तर तिच्याही घरात होतो.

अशा जागीसुद्धा तीच ती आठ-दहा माणसं सगळीकडे दिसायला लागतात, हा अनुभव कुठल्याही मंडळाचा. हिशेब तीच ठेवते, चाव्या तिच्याचकडे, आजारी पडली तर कार्यक्रम पुढे ढकलतात. बाकीच्यांना ‘तुम्ही आहात म्हणून चाललंय’ म्हणणं सोपं जातं. हे कौतुक ऐकलं की मला भीती वाटते. कारण बांध न घालणाऱ्याच्या शेतातही मीठ शिरत नाही. बैठकीला न येणाऱ्याच्या घरीही तेवढेच पाच किलोवॅट येतात. ते तसंच असायला हवं, पंगतीत कोणी किती राबलं हे मोजून वाढत नाहीत. पण वाढणारीने कधी तरी पानावर बसायचं म्हटलं, तर उठून वाढप हातात घेणारं कोण आहे, हे आपापल्या मंडळात एकदा नावानिशी मोजून बघावं. आमच्या मंडळात मी मोजलं. दोघी निघाल्या, आणि त्यातली एक पुढच्या महिन्यात मुलाकडे पुण्याला जाते आहे.