घराण्याची पाठ

आमची आत्या पंच्याहत्तरीनंतर पाठीत वाकली, तेव्हा घरात कोणालाच नवल वाटले नाही. आजी तशीच वाकलेली होती. ‘आमच्या घराण्याची पाठच अशी’ हे वाक्य आमच्याकडे फार जुने आहे. मागल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आत्या न्हाणीघरात घसरली आणि तिचे मनगट मोडले. मी आत तिला रागावलो, “जपून चालायला काय होते तुला?” आणि बाहेर येऊन पाहुण्यांना म्हणालो, “रक्तातच आहे, काय करणार!” दोन मिनिटांत दोन निकाल, आणि दोन्हींत मी सुटलेला!

माणूस नुसता उभा राहतो तेव्हासुद्धा त्याचे अंग किंचित झुलत असते. डोळे, आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या आणि तळपाय व सांधे यांच्या साक्षीवर मेंदू क्षणोक्षणी तोल सावरीत असतो. वयाबरोबर हे साक्षीदार मंदावतात. कोणाचे लवकर, कोणाचे उशिरा. मणक्यांची हाडे किती टिकाऊ, हे तर बरेचसे वारशाने ठरते.

फिनलंडमधील यिवास्किला विद्यापीठाच्या संशोधकांनी ६३ ते ७६ वर्षे वयाच्या जुळ्या बहिणींची पाहणी केली. एकरूप जुळ्यांचा वारसा सारखाच असतो. इतर जुळ्यांचा सरासरीने निम्मा. दोघींतले साम्य ताडून पाहिले, की घराण्याचा वाटा अजमावता येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे पडण्याच्या प्रवृत्तीतील फरकांपैकी सुमारे एक तृतीयांश भाग घराण्याकडे जात होता. मात्र ज्या पडण्यात इजा झाली, त्यात घराण्याचा हात दिसला नाही. तेथे ज्याची त्याची परिस्थितीच कारण होती.

हा हिशेब अनेकींमधल्या फरकांचा आहे. आत्याच्या एका घसरण्याचे तीन तुकडे करून त्यांतला एक आजीच्या नावे मांडता येत नाही. मी तर अख्खे घसरणेच आजीच्या नावे मांडून मोकळा झालो होतो.

आपली भाषाही या बाबतीत जरा निष्ठुरच आहे. ताठ कण्याचा माणूस म्हणजे बाणेदार. वाकला तो लाचार! सत्तरीत सरळ चालणाऱ्या गृहस्थाचे आपण चारित्र्यासारखे कौतुक करतो आणि तेही ते खुशाल स्वीकारतात. त्यांच्या आईवडिलांचे आभार कोणी मानीत नाही. वारशाने आत्याचा दोष हलका होतो, हे खरे, पण माझा? तिचा तोल कच्चा आहे, हे मला वर्षानुवर्षे ठाऊक होते. त्या पहाटे मुलांच्या अभ्यंगाने फरशीवर तेल सांडले होते, आणि न्हाणीघरातला दिवा आठ दिवस गेलेला होता. तो बदलायचे काम माझ्याकडे होते. हे मी पाहुण्यांना सांगितले नव्हते.

यंदा दिवा बदलला आणि भिंतीला लोखंडी दांडी बसवून घेतली. आत्याने ती हलवून पाहिली आणि म्हणाली, “घट्ट आहे हो. राहू दे अशीच, तुलाही लागेल.”

मी नकळत पाठ ताठ केली.