मत्स्यन्याय आणि काचेची पेटी

काचेच्या पेटीत शोभेचे मासे पाळण्याचा छंद आता इतका सर्वसाधारण झाला आहे की, दवाखान्यात, उपाहारगृहात किंवा वकिलाच्या कचेरीत चार रंगीत मासे फिरताना दिसले तर कोणास नवल वाटत नाही. अशा किरकोळ छंदातून नीतीचा एखादा प्रश्न उभा राहील असे आम्हांसही पूर्वी वाटले नव्हते. परंतु आमच्याच घरी घडलेल्या एका प्रकाराने आम्हांस विचार करावयास लावले, आणि तो विचार वाचकांपुढे ठेवावा असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रकार असा झाला. कन्येच्या हट्टावरून आम्ही तीन फूट लांबीची, सुमारे 100 लिटर पाणी मावणारी पेटी घरी आणली आणि त्याच दिवशी तीत मासे सोडले. निवड केली ती निव्वळ डोळ्यांनी. लांब झालरीसारख्या परांची एंजलची एक जोडी, अंगावर काळे पट्टे असलेले तीन टायगर बार्ब, आणि निळ्या रेघेचे, करंगळीच्या पेराहून थोडे मोठे असे निऑन टेट्रा दहा. पहिले आठ दिवस घरातील सर्व मंडळी जेवण आटोपून पेटीपुढे बसत असत. पुढे निऑन एकेक करून कमी होऊ लागले. सकाळी मोजावे तो रात्रीपेक्षा एक कमी. महिनाअखेर त्यांतील दोन उरले, आणि एंजलच्या पोटाखालील दोऱ्यांसारखे पर बार्बांनी कुरतडून आखूड केले. घरी येणारा प्रत्येक जण एकच निकाल देई : “हे पट्ट्यांचे मासे मोठे दुष्ट!” निऑन खाणारा कोण हे उघड झाल्यावर एंजलवरही तोच शिक्का बसला. खरे सांगावयाचे तर तो निकाल प्रथम आम्हीच दिला होता.

वीस वर्षे वकिली केलेल्या माणसाने आरोपीची बाजू न ऐकता निकाल द्यावा, ही गोष्ट मागाहून आमच्याच मनाला लागली. म्हणून आम्ही माशांविषयी थोडे वाचन केले आणि जाणत्या हौशी मंडळींस विचारले. चौकशीअंती आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची पाळी आमच्यावर आली.

एंजल हा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा मासा. तो पूर्ण वाढला म्हणजे वीतभर होतो, आणि तोंडात मावेल तो लहान मासा खाणे हा त्याचा आहार आहे. निऑनही त्याच खंडातील, परंतु दीड इंचाच्या आतबाहेरचा. दोघांना एका पेटीत ठेवणे म्हणजे एकाला भूक आणि दुसऱ्याला मरण नेमून देणे होय. टायगर बार्ब हा आग्नेय आशियातील ओढ्यांचा, थव्याने राहणारा मासा. थव्यात आठ-दहा असले म्हणजे त्यांची धावपळ आणि कुरबूर आपसांतच चालते. दोन-तीनच ठेवले तर ते शेजाऱ्याच्या परांमागे लागतात, आणि पर लांब व शेजारी संथ असला तर विचारावयासच नको. म्हणजे ज्याला आम्ही दुष्टपणा म्हणत होतो तो बहुतांशी आम्ही लादलेला एकाकीपणा होता.

याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, दोन्ही मासे स्वभावाने गरीब असले तरी त्यांचा सहवास जुळेलच असे नाही. गोल्डफिश कोणास चावत नाही. पण त्याला 18 ते 22 अंशांचे थंड पाणी मानवते, आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक माशांना 24 ते 27 अंश लागतात. मॉलीला क्षारयुक्त जड पाणी हवे; निऑनला मऊ आणि किंचित आम्ल. यांपैकी एकाला सुख होईल असे पाणी ठेवले तर दुसरा काही तक्रार न करता कुढत जातो. कोणी पृष्ठभागाशी राहतो, कोणी मधल्या पाण्यात, तर कोणी तळाची वाळू चाळीत हिंडतो; एकाच थरात सर्वांची गर्दी केली की भांडणे वाढतात. आणि जे डोळ्यांना दिसतच नाहीत अशा रहिवाशांची सोय तर सर्वांआधी करावी लागते. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष तयार होते. त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू पेटीत वस्तीला यावयास चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही एक दिवसही थांबलो नव्हतो.

आपल्याकडे ‘मत्स्यन्याय’ हा शब्द फार जुना आहे. मोठा मासा लहान माशास गिळतो, त्याप्रमाणे दंड धारण करणारा कोणी नसेल तर बलवान दुर्बलास गिळतील, असे कौटिल्य सांगतो आणि महाभारताचे शान्तिपर्वही सांगते. या शब्दाचा आधार घेऊन पुष्कळ लोक पुढे असेही म्हणतात की, निसर्गाचा नियमच असा आहे, त्याला कोण काय करणार? पेटीपुढे बसून विचार करता हे समर्थन आम्हांस लंगडे वाटू लागले. नदीत मोठा मासा लहानास खातो हे खरे. परंतु नदीत लहान माशाला शेवाळ असते, उथळ पाणी असते, दगडाची कपार असते, आणि मुख्य म्हणजे पळून जाण्यास दिशा असते. काचेच्या पेटीत यांपैकी काही नसते. तेथे जो न्याय चालतो त्यास निसर्गाचा न्याय म्हणता येत नाही. लांबी आम्ही ठरविली, पाणी आम्ही भरले, सोबती आम्ही निवडले आणि बाहेर पडण्याची वाट आम्हीच बंद केली. ज्याला निघून जाता येत नाही अशा जिवाचे जे काही होईल, त्याचे उत्तर त्याला तेथे आणणाऱ्याने दिले पाहिजे.

या बाबतीत शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा आम्हांस नव्याने आठवली. सकाळी हात धुण्याच्या पाण्याबरोबर एक चिमुकला मासा मनूच्या हाती येतो आणि, लहान आहोत तोवर मोठे मासे आम्हांस खातात, म्हणून माझे रक्षण कर, असे विनवितो. मनू त्याला कुंभात ठेवतो. कुंभ अपुरा पडू लागताच खड्डा खणून त्यात ठेवतो. आणि त्याला कोणापासून भय उरले नाही असा तो वाढल्यावर समुद्रात नेऊन सोडतो. पुढील प्रलयाची आणि नौकेची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आमचे लक्ष मात्र कुंभावरच खिळले. माशाच्या वाढीप्रमाणे पात्र बदलावयाचे, पात्राप्रमाणे मासा खुरटवावयाचा नाही, हे त्या कथेत किती साधेपणाने सांगितले आहे! आज दुकानात बोटाएवढा असताना विकला जाणारा ऑस्कर पुढे फूटभर होतो. काच स्वच्छ ठेवतो म्हणून घेतलेला सकर त्याहूनही मोठा होतो. तो घरी नेताना त्याचा खड्डा कोठे खणावयाचा याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात? आणि योगायोग पाहा : मत्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने ज्याला आपला राजा केले असे कौटिल्य सांगतो, तोही मनूच.

कायद्याकडे वळावयाचे तर प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम 1960 साली झाला. त्यात मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव हा ‘प्राणी’ मानला आहे; अर्थात मासाही त्यात आला. ज्याच्या ताब्यात प्राणी असेल त्याने त्याच्या सुस्थितीसाठी वाजवी ती सर्व काळजी घेतली पाहिजे असे त्याचे तिसरे कलम सांगते, आणि प्राण्यास पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात वा पात्रात कोंडणे हा अकराव्या कलमाने गुन्हा ठरविला आहे. पहिल्या गुन्ह्यास त्या अधिनियमाने दंड ठेवला तो 10 ते 50 रुपयांचा. दंड नाममात्र असला तरी कर्तव्याचे शब्द मोठे आहेत.

येथे एक आक्षेप आमच्या घरातच निघाला, आणि तो चुकविणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोमवार आणि सणवार वगळले तर आमच्या ताटात नुस्त्याचे हुमण असते. बाजारातून टोपलीभर मासे आणणाऱ्याने दहा निऑनांचा शोक करावा यात ढोंग नाही काय? आमचे उत्तर असे की, ताटातील माशाला आम्ही कसलेही वचन दिले नव्हते. पेटीतील माशाला दिले होते. आम्ही त्याला घरात आणले, खाऊ घातले आणि त्याचे सर्व भवितव्य हाती घेतले. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर आम्ही त्याचे अज्ञान पालनकर्ते झालो. अज्ञानाच्या मिळकतीचा व्यवहार पालकाला स्वतःच्या हौसेसाठी करता येत नाही. देवस्थानच्या मंडळींस हे निराळे सांगावयास नको, कारण कायदा देवालाही नित्य अज्ञान समजतो आणि त्याच्या वतीने वहिवाट करणाऱ्यांस जाब विचारतो. या उत्तराने ताटाचा प्रश्न सुटत नाही हे आम्ही जाणतो. परंतु एक ऋण फिटत नाही म्हणून दुसरे नाकारावे, असा युक्तिवाद कोणतेही न्यायालय मान्य करणार नाही.

मग बार्बांचे काय करावयाचे? येथे आमच्या हातून दुसरी चूक होता होता राहिली. देवळाच्या तळीत सोडून द्यावे, जिवाला मोकळीक मिळेल आणि आपल्याला पुण्य लागेल, असा विचार करून आम्ही पाण्याची पिशवी हाती घेऊन तळीच्या पायऱ्यांपर्यंत गेलोही होतो. तेथे उभे असता तळीच्या कडेला स्थानिक माशांची इवली पिले दिसली, आणि आपण पेटीतला अपराधच आता मोठ्या पात्रात करावयास निघालो आहोत हे ध्यानात आले. त्या पिलांनाही पळून जाण्यास तळीबाहेर जागा नव्हती. शोभेसाठी आणलेला सकर अशाच सुटकेने केरळ, आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगाल येथील पाण्यांत पसरला आहे आणि तेथील माशांना जड झाला आहे. शृंगेरीस तुंगेच्या घाटावर आणि महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे म्हणून मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले, ते त्या पाण्याचेच मासे होते. परका मासा आणून सोडणे ही त्या परंपरेची सेवा नव्हे. आम्ही पिशवी घेऊन घरी परतलो, आणि ज्यांच्या मोठ्या पेटीत बार्बांचा थवा होता अशा एका परिचितांकडे ते तिघे पोचते केले.

आता एक धोक्याची सूचना देणे आम्हांस अवश्य वाटते. ‘ज्याचे त्याचे पाणी निराळे, म्हणून ज्याने त्याने आपल्या पाण्यात राहावे’ हा दृष्टान्त माशांपुरता खरा आहे. माणसांना तो लावण्याचा मोह फार जुना आणि फार घातक आहे. याच युक्तिवादाने आपल्या समाजाने माणसांना पाणवठ्यापासून आणि देवळाच्या उंबरठ्यापासून दूर ठेवले, आणि पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांस उघडावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मासा आपला स्वभाव बदलू शकत नाही आणि एंजल व निऑन या दोन निरनिराळ्या जाती आहेत. माणसांची जात एकच आहे, आणि माणूस बोलू शकतो, शिकू शकतो, क्षमा करू शकतो. कोणी कोणाबरोबर राहावे हे ठरविणारा हात माणसांच्या बाबतीत आपला नाही.

पेटीपासून माणसांसाठी घेण्याजोगे आहे ते एवढेच, की जेथे कोणी दुसऱ्याच्या इच्छेने कोंडला गेला आहे तेथे भांडणाऱ्यांपैकी दुष्ट कोण हे विचारण्याआधी जागा किती, वाट कोठे आणि किल्ली कोणाच्या हाती, हे विचारावे. सासू-सुनांच्या किती प्रकरणांत आम्ही दोन चांगल्या बायकांना एकमेकींवर दुष्टपणाचा आरोप करताना पाहिले आहे! दोन खोल्यांत दोघींना ठेवून स्वतः दिवसभर बाहेर राहणाऱ्या कर्त्या पुरुषास मात्र साक्षीच्या पिंजऱ्यात तो प्रश्न क्वचितच विचारला गेला. आम्हीही तो विचारला नाही.

असो. परवा कन्येला घेऊन पुन्हा दुकानात जाण्याचा प्रसंग आला. तिने एका सुरेख माशाकडे बोट दाखविले, परंतु या खेपेस रंगाविषयी ती काही बोलली नाही. हा किती मोठा होतो, याला सोबती किती लागतात, आणि आमच्या एंजलबरोबर हा राहील काय, असे तीन प्रश्न तिने दुकानदारास विचारले. पहिल्या दोहोंची उत्तरे त्याने चटकन दिली. तिसऱ्यास थोडा थांबला आणि म्हणाला, “नाही राहणार.” आम्ही त्याचे आभार मानले आणि रिकाम्या हातांनी घरी आलो.