अन्न शिजवणे हलके काम आहे काय?

गेल्या श्रावणात केज तालुक्यातील एका गावी सप्ताहाला गेलो होतो. काल्याच्या दिवशी एक माळकरी गृहस्थ मुलाला घेऊन आले नि म्हणाले, "महाराज, ह्याला जरा समजावून सांगा. दहावी झाली. आता म्हणतो, कनिष्ठ महाविद्यालयात स्वयंपाक शिकतो! आमच्या घरात आचारी कुणी झाला नाही. त्यातून तिथं अंडीमांस शिजवावं लागतं म्हणे. गळ्यातल्या माळेचं काय?"

मी स्मृतिवचनांवर वाढलेला माणूस. अन्नविक्रय निंद्य, हे ओठावर आले. पण खिशात नुकतीच मिळालेली बिदागी होती. हरिकथा सांगून जो द्रव्य घेतो, त्याने अन्न विकणाऱ्याला कोणत्या तोंडाने नावे ठेवावी? मी गप्प राहिलो. उत्तर दुसऱ्या दिवशी दिले. तेच येथे मांडतो.

पहिली गोष्ट, हे काम हलके नव्हे. तैत्तिरीयोपनिषदातील भृगूला ब्रह्म शोधताना प्रथम अन्नच ब्रह्म म्हणून कळले. पुढे तो आनंदापर्यंत चढला खरा. पण त्याच वल्लीत अन्नाची निंदा करू नये, हे व्रत सांगितले आहे. भीम विराटाच्या पाकशाळेत बल्लव झाला. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाने 12व्या शतकात मानसोल्लासात अन्नभोगाचे प्रकरण घातले. आपल्या संप्रदायात तर कुंभार, माळी, सोनार ह्यांनी धंदा करता करताच देव जोडला. मग आचाऱ्यालाच तेवढा मज्जाव का?

खरे तर आपण ते 'बायकांचे काम' म्हणून हलके मानतो. आपल्या बीडची ऊसतोड करणारी बाई पहाटे कोपीपुढे भाकऱ्या थापते, मग कोयता घेते. तिच्या विद्येला विद्या कुणी म्हटले? ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ विरी गेले की भाकरी फाटते, म्हणून ती आधणाचे पाणी घालते. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगून गोळा धरतो, हे पोरगा कॉलेजात शिकेल; आईच्या हाताला ते आधीच ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट, न शिकता पंगती घालण्याचा दोष लहान नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात एकादशीच्या भगरीच्या प्रसादाने हजाराहून अधिक भाविक आजारी पडले. शिजलेले अन्न तासन्‌तास कोमट राहिले की त्यात रोगजंतू वाढतात. ते 60 अंशांच्या वर कढत ठेवावे, नाहीतर लवकर गार करावे. हे ज्ञान सप्ताहाच्या चुलीपाशी हवे आहे.

राहिला माळेचा प्रश्न. मी मुलाला विचारले, "माळ बापाची, का तुझी?" तो म्हणाला, "माझीच, महाराज." मग मी सांगितले, "प्रवेशाआधी गुरुजींना उघड विचार, मांसाच्या पाठातून सूट मिळेल का. मिळाली तर सुखाने शीक. न मिळाली तर दोहोंतून एक निवड. पण माळ खुंटीला टांगायची नि सुट्टीत घालायची, असं व्रत नसतं बाबा. आणि शेजारचा विद्यार्थी ते शिजवील, त्याचा तिरस्कार करू नको. व्रत तुझं आहे, त्याचं नव्हे."

बापाचे पुरते समाधान झाले नाही. तो एवढेच म्हणाला, "बघतो."

वाचकहो, सप्ताहात कीर्तनकाराला हार पडतो, आणि पहाटेपासून धुरात बसलेला आचारी सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवतो. पुढच्या पंगतीत निदान एक पान त्याच्यासाठी आधी वाढा. ह्याची सुरुवात मी माझ्या पानापासून करीन. रामकृष्णहरि.