समुपदेशकाची श्रद्धा आणि सल्लार्थीचा अधिकार

समुपदेशनाच्या पदव्युत्तर शिक्षणात विद्यार्थ्याकडून केली जाणारी सर्वांत अवघड अपेक्षा सिद्धान्तांच्या अभ्यासाची नसून, स्वतःची नीतिमूल्ये आणि धर्मश्रद्धा सल्लार्थीवर, म्हणजेच मदतीसाठी समोर बसलेल्या व्यक्तीवर, न लादण्याची असते. अमेरिकेतील या अभ्यासक्रमांच्या अधिस्वीकृतीच्या मानकांनुसार विद्यार्थ्याला साधारणतः 60 श्रेयांकांच्या अध्ययनाबरोबर 100 तासांचे प्रात्यक्षिक आणि 600 तासांची आंतरवासिता पूर्ण करावी लागते, आणि हे सर्व काम पर्यवेक्षणाखाली, म्हणजे अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली, चालते. श्रद्धेचा प्रश्न वर्गात क्वचितच टोकाला जातो. तो उभा राहतो तो या प्रात्यक्षिकात, कारण तेथे मतांऐवजी माणूस समोर असतो.

मूल्ये बाजूला ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, हा मूलतः तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. या शिकवणुकीमागील कल्पना एडमंड हुसेर्ल यांच्या प्रतिभासशास्त्राशी, म्हणजे अनुभवाला वस्तू जशी दिसते तसे तिचे वर्णन करू पाहणाऱ्या विचारपद्धतीशी, नाते सांगते. या पद्धतीत जगाविषयीची गृहीतके नाकारली जात नाहीत, तर त्यांचा वापर तेवढा स्थगित केला जातो. मात्र हुसेर्ल यांची स्थगिती ज्ञानासाठी होती, तर समुपदेशकाची स्थगिती दुसऱ्या माणसासाठी असते, आणि हा फरक पाठ्यपुस्तकांत मिळतो त्यापेक्षा कितीतरी अधिक लक्ष देण्याजोगा आहे. वेदान्तातील साक्षीभावाशीही तिची बरोबरी करता येत नाही, कारण साक्षी कर्मापासून अलिप्त असतो आणि समुपदेशक तर त्या संवादात पूर्णपणे गुंतलेला असतो.

मिशिगन राज्यात इप्सिलँटी येथील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील प्रकरणाने या प्रश्नाचे गांभीर्य उघड केले. 2009 मध्ये तेथील एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने, ज्या सल्लार्थीच्या कागदपत्रांत समलिंगी संबंधाचा उल्लेख होता त्याला दुसऱ्या समुपदेशकाकडे सोपवावे, अशी विनंती केली; अशा संबंधाला पुष्टी देणे आपल्या धर्मश्रद्धेत बसत नाही, हे तिचे कारण होते. विद्यापीठाने तिला अभ्यासक्रमातून काढून टाकले. कनिष्ठ न्यायालयाने विद्यापीठाची बाजू ग्राह्य धरली, परंतु 2012 मध्ये सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवून प्रकरण ज्यूरीपुढे जाऊ शकते असे ठरवले, आणि त्याच वर्षी तडजोड झाली. व्यवसायाची तेव्हाची आचारसंहिता काही परिस्थितींत सल्लार्थीला अन्यत्र पाठवण्याची मुभा देत होती, हा न्यायालयीन युक्तिवादातील कळीचा मुद्दा होता. पुढे 2014 मध्ये अमेरिकन समुपदेशन संघटनेने केवळ वैयक्तिक मूल्यांच्या कारणावरून असे पाठवण्यास स्पष्ट मनाई केली. उलट टेनेसी राज्याने 2016 मध्ये मनापासून बाळगलेल्या तत्त्वांसाठी नकार देण्याची मोकळीक कायद्याने दिली.

कायद्याचा निकाल काहीही लागो, आपण कोण आहोत या कारणावरून नाकारले जाण्याचा अनुभव घेऊन आलेल्या माणसाला समुपदेशकाच्या दारातही तोच अनुभव यावा, हे समर्थनीय नाही. येथपर्यंत संघटनेची भूमिका योग्यच आहे. तिची उणीव अशी की या मनाईला ती व्यावसायिक क्षमतेची बाब म्हणून मांडते, जणू विद्यार्थ्याने एखादे तंत्र आत्मसात करायचे आहे. वस्तुतः सल्लार्थीच्या जीवनाचा निर्णय सल्लार्थीचाच आहे, ही धारणा मूल्यनिरपेक्ष नाही. तीही एक श्रद्धाच आहे आणि तिला इतिहास आहे. तिचे प्रमुख प्रवर्तक कार्ल रॉजर्स हे मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मशिक्षण घेत होते. त्यांच्या बिनशर्त स्वीकाराच्या कल्पनेत ईश्वरी कृपेच्या ख्रिस्ती कल्पनेचे लौकिक रूप दिसते. धर्मनिष्ठ विद्यार्थ्याला हा वारसा सांगितला, तर आपल्याकडून श्रद्धेचा त्याग नव्हे, तर श्रद्धेच्याच एका अर्थाची साधना मागितली जात आहे, हे त्याला उमगण्याची शक्यता वाढते.

तरीही स्वीकार पुरेसा आहे का, हा प्रश्न उरतोच, आणि तो इप्सिलँटीच्या शेजारच्याच ॲन आर्बर शहरात एप्रिल 1957 मध्ये विचारला गेला होता. तेथे रॉजर्स यांच्याशी झालेल्या जाहीर संवादात ज्यू तत्त्वचिंतक मार्टिन बूबर यांनी स्वीकार आणि पुष्टी यांत भेद केला: माणूस आज जसा आहे तसा मान्य करणे हा स्वीकार, तर तो जे होऊ शकतो त्याच्याशी नाते जोडणे ही पुष्टी, आणि त्यासाठी प्रसंगी त्या माणसाच्या आजच्या रूपाशी झुंजावेही लागते. बूबर यांचा भेद खोल आहे, पण त्यात धोकाही आहे. सल्लार्थी जे होऊ शकतो त्याचे चित्र समुपदेशक आपल्या धर्मग्रंथातून आयते घेऊ लागला, तर पुष्टीच्या नावाखाली सक्तीच सुरू होते. ते चित्र सल्लार्थीच्याच बोलण्यातून, त्याच्याच ओढीतून आकाराला आले पाहिजे. या बाबतीत रॉजर्स यांची सावधगिरी अधिक विश्वसनीय वाटते.

रॉजर्स यांनी 1957 च्याच एका लेखात समुपदेशकासाठी ज्या अटी सांगितल्या, त्यांत बिनशर्त स्वीकार आणि समानुभूती, म्हणजे दुसऱ्याचे भावविश्व त्याच्या जागी उभे राहून जाणणे, यांच्या जोडीला एकरूपताही होती, म्हणजे समुपदेशकाच्या आत जे चालले आहे आणि तो जसा वागतो यांत दुरावा नसणे. स्वीकार जमत नसताना तो जमल्याचा आव आणणारा विद्यार्थी ही अट मोडतो, आणि पदवी हातची जाईल या भीतीने श्रद्धा लपवायला शिकलेला विद्यार्थी नेमके हेच करत असतो. पर्यवेक्षणाचे तास याच संघर्षासाठी आहेत. तेथे विद्यार्थ्याला आपल्या मनातील नकार शिक्षेच्या भयाविना उच्चारता आला पाहिजे, कारण जो नकार पर्यवेक्षकासमोर उघड होत नाही तो सल्लार्थीसमोर नजरेतून, मौनातून आणि न विचारलेल्या प्रश्नांतून व्यक्त होतोच.