काळ्या म्हणायचा हक्क कुणाचा?

सोलापुरात मित्राला ‘काळ्या’ म्हणणाऱ्याला हटकलं, की उत्तर तयार असतं: ‘प्रेमानं म्हणतोय, त्याला काय वाटत नाही.’ मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येणाऱ्या या शहरात रंगावरून, अंगावरून, बोलीवरून टोपणनावं पडतच असतात. कुणी कुणाची जात काढली, की मात्र हसणं थांबतं.

प्रेमाच्या या दाव्याला जिल्ह्यातच भक्कम आधार सापडतो. पंढरपूरचा देव काळाच. भक्तांनी त्याचं काळेपण शतकानुशतकं कौतुकानं गायलं. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई तर त्याला सरळ शिव्या घालते, त्याचं मरण चिंतते, आणि वारकरी ते आवडीनं गातात. मग जवळीक असली की शिवीतलं विष उतरतं, असं म्हणायला हरकत काय?

हरकत मंगळवेढ्याहून येते. अस्पृश्य मानलेले संत चोखामेळा तिथं राहत. विठ्ठल त्यांच्याबरोबर ढोरं ओढायला आला, अशा कथा परंपरेनं मायेनं सांगितल्या. याहून जवळचा मित्र कोणता? तरी चोखोबांना देवळात पाऊल टाकता आलं नाही. 1338 च्या सुमारास मंगळवेढ्यात बांधकाम अंगावर कोसळून ते गेले. समाधी झाली ती पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर, उंबऱ्याबाहेरच. ते दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा मात्र या जिव्हाळ्याच्या कथांवर भुलला नाही. त्यानं अभंगांत देवालाच जाब विचारला: असल्या कुळात जन्म का दिलास?

जनाबाईची शिवी खालून वर जाते, हा भेद टपरीवरचा भक्त विसरतो. काळा म्हटल्यानं विठोबाचं लग्न अडत नाही. गल्लीतल्या सावळ्या पोरीचं अडतं.

शिवी स्वतः उचलणं ही आणखी वेगळी गोष्ट. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांनी 1984 मध्ये आत्मकथनाला नाव दिलं ‘अक्करमाशी’. अनौरस म्हणून हिणवायचा हा शब्द त्यांनी मुखपृष्ठावर छापला, म्हणून वाचकाला त्यांना त्या नावानं हाक मारायची मुभा मिळाली का? पुस्तक वाचलेला माणूस तरी तसं करणार नाही.

कायदाही इथं एका मर्यादेपर्यंतच येतो. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीवरून अपमान गुन्हा ठरायला तो लोकांसमक्ष व्हावा लागतो; चार भिंतींआड, बाहेरचं कुणी नसताना झालेलं बोलणं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे मित्रांच्या खोलीतला हिशेब मित्रांनीच करायचा.

तो कसा होतो, हे त्याच वर्षी दिसलं. वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळायचा, तेव्हा सहकारी त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला ‘काळू’ म्हणत. सॅमीला वाटायचं, शब्दाचा अर्थ दमदार घोडा. जून 2020 मध्ये खरा अर्थ कळला तेव्हा तो भडकला आणि जुन्या सहकाऱ्यांना त्यानं जाहीरपणे विचारलं, तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं? काही दिवसांनी त्यांच्यातल्या एकाशी त्याचं बोलणं झालं. सगळं प्रेमापोटीच होतं, असं त्या सहकाऱ्यानं सांगितलं, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो, असं सॅमीनं जाहीर केलं. ‘त्याला काय वाटत नाही’ हे इतकी वर्षं इतरच ठरवत होते. या वेळी निदान त्याच्याशी बोलणं तरी झालं, तेही त्यानं स्वतः विषय काढल्यावर.