पाखराचे दर्शन आणि पाखराचे घर

हिंसेची साधने मोजताना शास्त्रकारांनी काया, वाचा आणि मन ही तीन सांगितली. डोळ्यांचे नाव त्यांत वेगळे घेतलेले नाही, कारण पाहण्याने कोणाचे काही जात नाही असे आपण धरून चालतो. चंद्राकडे लाख लोकांनी पाहिले म्हणून त्याची एक कला कमी होत नाही. मग रानातल्या एखाद्या गाणाऱ्या पाखराकडे कोणी डोळे भरून पाहिले, कॅमेऱ्यात त्याचे रूप उतरवले आणि चार मित्रांना दाखवले, तर तेथे धर्माधर्माचा विचार कशाला, असे कोणीही विचारील. मला वाटते, विचार करावा लागतो. आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात तर तो करावाच लागतो.

आपला हा तलावांचा मुलूख. कोहळी लोकांनी पूर्वी बांधलेले तलाव, त्यांच्या पाळीवरची झाडे, आणि थोडे पुढे गेले की रान. २०१३ साली कोका अभयारण्य जाहीर झाले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्पही झाला. तेव्हापासून नागपूरकडची, दूरदूरची मंडळी पहाटे काळोखात येऊन दाराशी उभी असतात. पुष्कळांना वाघ हवा असतो. पण त्यांत काही वेगळीही असतात. दयाळ कोठे गातो, शामा बांबूच्या बेटातून कधी बाहेर येतो, हळद्या, स्वर्गीय नर्तक, नवरंग यांची जागा कोणती, यासाठी ती दिवस दिवस बसतात. एक चित्र साधले की क्षणात ते मोबाईलवरून शंभर जणांकडे जाते. तिकडून दुसरा आपले पाठवतो. या मंडळींची थट्टा करणारे लोक मला भेटतात. मला थट्टा करावीशी वाटत नाही. ज्या काळात माणसाला स्वतःच्या मुखाची चित्रे काढण्यातून सवड नाही, त्या काळात कोणी वीतभर पाखरासाठी चार तास निश्चल बसतो, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याला नामाला बसवले तर घटकाभरात मांडी बदलावीशी वाटते!

शिवाय पूर्वी काय होते तेही आठवावे. पक्ष्यांचे शास्त्र बंदुकीच्या आधाराने वाढले. डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांच्यासारखा थोर पक्षिवेत्ता; त्यांच्या अभ्यासाचा आरंभच लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून झाला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथून त्यांचे आयुष्य बदलले. त्या काळी पाखरू ओळखायचे म्हणजे ते मारून हातात घ्यायचे, हीच रीत होती. गाणारे पाखरू आवडले तर पिंजऱ्यात घालायचे. शामाच्या गळ्याने त्याला किती पिढ्या पिंजऱ्यात डांबले असेल! बंदूक आणि पिंजरा यांच्या जागी कॅमेरा आला, हा मी धर्माचाच विजय मानतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पकडणे-मारणे गुन्हा ठरवले, ते निराळे. पण कायद्याच्या आधी आवड बदलावी लागते, आणि ती या चित्रांनी पुष्कळ बदलली.

येथवर सर्व ठीक. मग बोच कोठे आहे? एका रानाजवळच्या गावी सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एक तरुण जवळ येऊन बसला. तो प्रवाशांना रान दाखवण्याचे काम करतो. म्हणाला, "महाराज, पाखराला फसवून बोलावनं पाप आहे का जी?" मी म्हटले, "फसवतोस कसा रे बाबू?" तेव्हा त्याने सांगितले. मोबाईलमध्ये नवरंगाचा आवाज भरलेला असतो. झाडीत तो लावला की खरा नवरंग धावत येतो. पाहुणे खूश होतात, वर पन्नास-शंभर रुपये देतात. न बोलावले तर म्हणतात, तुला काही येत नाही, पुढल्या खेपेस दुसरा गडी घेऊ.

या पोराचा प्रश्न मला पुष्कळ विद्वानांच्या प्रश्नांपेक्षा खोल वाटला. तो धावत का येतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपल्याला जे गाणे वाटते ते नराच्या दृष्टीने बहुधा आपल्या शिवेची दवंडी असते. ही जागा माझी आहे, येथे माझी मादी आहे, दुसऱ्याने येऊ नये. मोबाईलमधून परका आवाज आला की त्याला वाटते, घरात कोणी शिरला. चारा टाकून तो भांडायला येतो, आणि भांडायला समोर कोणीच नसते. पाहुणे गेले की दुसरे पाहुणे येतात, पुन्हा तोच आवाज, पुन्हा तीच धाव.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत हरीण आहे. पारध्याच्या गाण्याला भुलून ते जाळ्यात सापडते. नाथमहाराजांनी काशीत बसून १५७३ साली पूर्ण केलेल्या टीकेत हा भाग विस्ताराने आला आहे, आणि आम्ही कीर्तनकार मंडळी श्रोत्यांना सांगतो की हरणासारखे विषयाला भुलू नका. उपदेश योग्यच आहे. परंतु हरणाकडून धडा घेण्याच्या नादात त्या पारध्याला आम्ही कधी दोन शब्द विचारले नाहीत. गाणे गोड होते, सूर खरा होता. हेतू तेवढा वाईट होता.

कोणी म्हणेल, मोबाईलमधला आवाज खोटा कोठे आहे? तो नवरंगाचाच आहे. याला उत्तर जुने आहे. पातंजल योगसूत्रांच्या व्यासभाष्यात सत्याचा विचार करताना म्हटले आहे की जी वाणी ऐकणाराला ठकवते, ती सत्य नव्हे; वाणीची प्रवृत्ती भूतमात्राच्या उपकारासाठी असावी, उपघातासाठी नसावी. म्हणजे शब्द जसाच्या तसा खरा असून भागत नाही, तो ऐकणाराच्या चित्तात काय उत्पन्न करतो ते पाहायचे. भाष्यकारांनी 'भूत' म्हटले, 'मनुष्य' म्हटले नाही, हे विशेष. मी त्या पोराला सांगितले ते एवढेच, की पाप पन्नास रुपये घेणाऱ्याकडे थोडे आणि देणाऱ्याकडे पुष्कळ आहे. त्याची भाकर त्यावर आहे. पाहुण्याची भाकर त्यावर नाही.

आवाजाहून जड गोष्ट घरट्याची. जनाबाईंच्या अभंगातून नाव घेतलेले 'पक्षी जाय दिगंतरा' हे मारुती चितमपल्ली यांचे पुस्तक वाचकांपैकी काहींनी वाचले असेल. त्यांचे कितीतरी दिवस नवेगावबांधला गेले. ते तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते, १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. वनाधिकारी असूनही ते गावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांपाशी शिष्य होऊन बसले आणि पाखरांची, झाडांची गावरान नावे टिपून घेतली. जून २०२५ मध्ये ते वारले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून महाराष्ट्रात तो आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात.

तर जनाबाईंच्या मनातले ते पाखरू, दूर जाऊन पिलांसाठी चारा आणणारे, आज कसे परत येते पाहा. चोचीत अळी धरून ते फांदीवर येते. घरट्यासमोर आठ हातांवर मनुष्य बसलेला असतो. ते आत जात नाही. कारण आत गेले तर घराची वाट शत्रूला कळेल. या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारते. अळी चोचीतच राहते, पिले आत उपाशी. चित्र नीट यावे म्हणून काही जण मधल्या डहाळ्या मोडतात, पाने बाजूला करतात. ती पाने आईबापांनी निवडलेली सावली असते. वैशाखाच्या उन्हात उघड्या घरट्यातली पिले किती वेळ तग धरणार? आणि माणसांची ही गर्दी कावळाही वरून पाहत असतो. चित्र सुंदर येते, त्याखाली वाहवा येते. पिलांचे पुढे काय झाले हे त्या चित्रात नसते.

कायद्यानेही हे ओळखले आहे. १९७२ च्या कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे हेही तिच्यात घातले आहे. बंदूक नाही, जाळे नाही, तरी शिकार.

येथे एक आक्षेप मनात येतो. आपण तर सर्वांना सांगतो की मिळालेले वाटून घ्यावे. मग ज्याला दुर्मिळ पाखराची जागा सापडली त्याने ती लपवावी, हा स्वार्थ नाही काय? मी यावर पुष्कळ दिवस विचार केला. प्रसाद आपण वाटतो तेव्हा तो आपल्याला मिळालेला असतो. पाखराचे रूप, गाणे, नाव, त्याची ओळख पटण्याचा आनंद, हे सर्व पाहणाऱ्याला मिळाले. ते खुशाल वाटावे. घराचा पत्ता मात्र त्याला मिळालेला नाही, तो पाखराचा आहे. दुसऱ्याची वस्तू वाटणाऱ्याला आपण उदार म्हणत नसतो. चित्र दाखवावे, पिले उडून गेल्यावर दाखवावे, आणि झाड सांगू नये. पक्षिमित्रांच्या अनेक मंडळांनी घरट्यावरची चित्रे घेणेच बंद केले आहे. त्यांना कोणा शास्त्र्याने सांगावे लागले नाही.

एकट्या माणसाने काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने पंढरी आठवावी. एका वारकऱ्याच्या हाताने विठोबाच्या पायांची झीज होत नाही. लक्षावधींच्या हातांनी होते, म्हणून मूर्तीला वज्रलेप करावा लागतो. २०२४ साली मंदिराच्या जतनाचे काम चालले तेव्हा पदस्पर्श दर्शन बंद ठेवले होते, मुखदर्शन तेवढे होते. कोणाची वारी फुकट गेली काय? गर्दीत कळसाला हात जोडून परतणारे म्हातारे दरवर्षी दिसतात, आणि त्यांच्या तोंडावर उणे काही नसते. पाखराच्या बाबतीत गाणे कानावर येणे हे कळसदर्शन समजायला हरकत नाही.

जाता जाता हेही सांगावे, नाहीतर कॅमेरेवाले म्हणतील महाराजांना आम्हीच सापडलो. तलावाची पाळ खरडणारे, शेतात विष फवारणारे, जुनी आंब्याची झाडे विकणारे यांनी जेवढी पाखरे घालवली तेवढी हजार छायाचित्रकारांनाही घालवता येणार नाहीत. आणि सप्ताहाचा भोंगा आपण वडाच्या ज्या फांदीला बांधतो, तेथे वर कोण झोपलेले आहे हे तरी कोण पाहते? असो.

आता नवरंगाविषयी. थंडीचे दिवस तो दक्षिणेत आणि सिंहलद्वीपात काढतो आणि मृगाच्या पावसाबरोबर आपल्या रानात येतो. दिंड्या निघण्याचे दिवस तेच. पहाटे आणि सांजेला दोन सुरांची शीळ घालतो. तो शेंड्यावर फारसा शोधू नये. जमिनीवर, पालापाचोळा उलटीत किडे टिपत असतो. ज्यांना तो पाहायचा आहे त्यांनी शीळ ऐकू आली की वाटेच्या कडेला बसावे, अंगावर मळकट कापड घ्यावे, बोलू नये. अर्धा तास लागतो, कधी जास्त. मोबाईल बंद ठेवावा. पहिल्यांदा पाने हलताना दिसतात, मग शेपटीखालचा लाल रंग.